धाकटीची रांग

कालव हा जीव तसा सोशीक. पाण्याबरोबर जे आयतं येईल ते गाळून खातो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण जो गप्प बसतो त्याच्याच पाठीवर सगळे चढतात, हा नियम खाडीतही लागू आहे. शेवाळ येतं, गाळ येतो, चुन्याच्या खपल्यांसारखे कडक पांढरे किडे येऊन घरं बांधतात. टोपलीची जाळी बुजली की आत पाणी खेळत नाही आणि कालवं गुदमरून मरतात. म्हणून कालवांची शेती करायची तर दर आठवड्याला टोपल्या घासत बसावं लागतं.

किती बसावं लागतं आणि बसून परवडतं का, हे शोधायचं काम काटेबाईंकडे होतं. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्राच्या अर्थशास्त्र विभागात त्या नोकरीला होत्या. विभाग म्हणजे त्या स्वतः, एक टेबल आणि एक वजनकाटा. काटा सदैव बगलेत, म्हणून खाडीतल्या बायकांनी हे नाव ठेवलं होतं. स्वभावामुळेही ठेवलं असेल, असं त्यांचा नवरा म्हणायचा. पण तो हे शेजारच्या खोलीतून म्हणायचा.

खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्याची एक पट्टी होती. ती बारा बायकांना तीन वर्षांसाठी कालवं वाढवून बघायला मिळाली होती. तीन वर्षं आता भरत आली होती. समितीने स्वच्छ सांगितलं होतं की हा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो असं कागदावर दाखवा, पुढची दहा वर्षं पट्टी तुमची. नाही दाखवता आलं, तर तिथे भराव टाकून ट्रक उभे करायची जागा होणार. ट्रकवाल्यांनी अर्ज देऊनही ठेवला होता. तो छान टाइप केलेला होता आणि त्यात एकही चूक नव्हती, याचा काटेबाईंना विशेष राग होता.

शेवटच्या आठ महिन्यांच्या पिकासाठी प्रयोग त्यांनी असा मांडला होता. प्रत्येकीला खांबांची एक रांग, रांगेत वीस टोपल्या. प्रत्येक खांबाला दोन आडव्या काठ्या, एक खाली, एक वर. टोपल्या खालच्या काठीला टांगायच्या, म्हणजे ओहोटीलाही त्या पाण्यातच राहतात. अकरा रांगांतल्या टोपल्या आठवड्यातून एकदा ब्रशने घासायच्या. बाराव्या रांगेला ब्रश लावायचाच नाही, तिची मोजणीही थेट शेवटी. घासल्याने काय वाचतं हे कळायचं, तर न घासता काय मरतं हेही दिसायला हवं ना? एक रांग त्यासाठी बळी द्यायची, कोणाची ते चिठ्ठीने ठरवायचं. चिठ्ठी निघाली धाकटीची.

धाकटी म्हणजे बाराजणींत शेवटी आलेली. वयानेही लहान, आवाजानेही लहान. काटेबाईंनी तिला समजावून सांगितलं की तुझी कालवं बहुतेक मरतील, पण त्या मरण्यातूनच सगळ्यांचं भलं होईल. धाकटीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघायला काटेबाईंना सवड नव्हती. त्या वेळी त्या टोपल्यांना नंबर लावत होत्या.

खरी पंचाईत सहाव्या महिन्यातच कळून चुकली होती. एका टोपलीला चौदा मिनिटं. काटेबाईंनी घड्याळ लावून मोजलं, बायका बदलून मोजलं, ब्रश बदलून मोजलं. चौदा म्हणजे चौदा. दोनशेवीस टोपल्यांना दर आठवड्याला चौदा चौदा मिनिटं घातली की कालवांतून जे मिळायचं ते मजुरीतच जिरून जायचं. बायकांची म्होरकी होती थोरली, पन्नाशी उलटलेली, खांद्याने रुंद आणि जिभेने सडेतोड. तिने हे सगळं गणित एका वाक्यात मांडलं होतं.

"बाई, कालवं जगतील. आम्ही मरू."

आता अहवालाचं शेवटचं वाक्य तेवढं लिहायचं राहिलं होतं. सध्याच्या पद्धतीने हा व्यवसाय किफायतशीर नाही. सहा शब्द. काटेबाई ते रोज मनात लिहायच्या आणि रोज खोडायच्या. ज्या बाराजणींनी तीन वर्षं आपल्याला पाण्यात उभं राहून साथ दिली, त्यांच्याच पायाखालची जागा आपण काढून घेणार, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. पण वाईट वाटलं म्हणून चौदाचे तेरा होत नाहीत.

शेवटच्या मोजणीचा दिवस उजाडला. सकाळची ओहोटी होती. घासलेल्या अकरा रांगा वर निघाल्या, वजनं झाली, जिवंत-मेलेली मोजून झाली. शंभरातली एक्क्याऐंशी जगली होती. चांगलंच होतं, पण हे आधीपासून ठाऊक होतं. मग पाळी आली धाकटीच्या रांगेची. काटेबाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि इतरांनाही बांधायला सांगितला. कोणी बांधला नाही. ही गोष्ट त्याच वेळी त्यांच्या लक्षात यायला हवी होती.

पहिली टोपली वर आली. स्वच्छ. नुसती स्वच्छ नव्हे, जडही. जाळीची भोकं मोकळी, आत कालवं टपोरी, शिंपा जाड आणि खोल. काटेबाईंना वाटलं, नंबर चुकला. दुसरी काढली. तशीच. पाचवी, नववी, सोळावी, सगळ्या तशाच. मग नावेतून जाऊन खोल पाण्यातल्या शेवटच्या चार टोपल्या आणल्या. त्या मात्र चिखलाचे गोळे झाल्या होत्या आणि रुमालाचं सार्थक झालं.

काटेबाई काठावर आल्या. रुमाल काढून त्यांनी घडी घातली. रागावल्या की त्या आधी काहीतरी घडी घालत.

"या रांगेला कोणी हात लावला?"

बाराजणी एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"ब्रश लावायचा नाही, असं," थोरली म्हणाली.

"मग?"

"नाही लावला. कोणालाही विचारा."

"मग या टोपल्या अशा कशा?"

"ऊन दाखवलं," थोरली म्हणाली. गाद्यांना, धान्याला ऊन दाखवतात, त्याच सुरात.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकटीला स्वतःच्या रांगेत काम नव्हतं. रिकामी उभी राहायची लाज वाटते म्हणून ती इतरांच्या टोपल्या घासू लागली. आज हिच्या, उद्या तिच्या. आता पाण्यात काम करणाऱ्या या बायकांत सावड चालायची. एकीने दुसरीच्या कामाला हात लावला की दुसरीने तो हात फेडायचा. न फेडणारीला कोणी काही बोलत नसे, पण चहाच्या वेळी तिच्याजवळ कोणी बसतही नसे. धाकटीचे हात अकराजणींच्या अंगावर चढत गेले आणि फेडायला तिच्या रांगेत कामच नाही, अशी पंचाईत झाली.

"ब्रशला तुमची मनाई होती," थोरली म्हणाली. "मग म्हटलं, निदान ऊन तरी दाखवू. दर आठ दिवसांनी दिवसाची ओहोटी बघून टोपल्या वरच्या काठीला टांगायच्या. चार-पाच तास वाळल्या की पुन्हा खाली. कालव काय, तोंड मिटून बसतं. पण वरचं शेवाळ, किडे सगळे कडकडीत वाळून गळतात. आमची गाणी चालू असतात, काम होऊन जातं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही घासायच्या दिवशी यायचात. हे आम्ही मधल्या दिवशी करायचो. तुम्ही कधी विचारलं का?"

काटेबाईंच्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. ब्रशचे केस किती दिवसांत झडतात हाही होता. हा नव्हता.

त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. न घासलेल्या रांगेशीच तर सगळी तुलना करायची होती. ती रांगच बाटली म्हणजे प्रयोगाचा पायाच गेला. तीन वर्षं पाण्यात गेली, तीही अक्षरशः. धाकटी पुढे येऊन काही बोलणार होती, पण काटेबाई काटा उचलून चालायला लागल्या होत्या.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल होतं, वर भिंग, दिवा आणि सत्तावीस घड्याळं, त्यांतली दोन सोडून सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. काटेबाईंनी त्या टेबलावर एक पिशवी आपटली. आत पोलादी गुंड्या होत्या. शर्टाच्या गुंडीपेक्षा थोड्या मोठ्या, पाण्याचं तापमान तासातासाला नोंदवणाऱ्या. प्रत्येक टोपलीत एकेक बांधलेली होती. दुपारी त्यांनी या गुंड्यांतल्या नोंदी संगणकावर उतरवून कागदावर छापूनही आणल्या होत्या.

"याही बिघडल्यात," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या रांगेतल्या. मधूनच आकडा उडी मारतो. आज सगळंच माझ्यावर उलटलंय."

"आधी पाणी पी," नवरा म्हणाला.

त्याने त्या गुंड्या एका वाडग्यात घातल्या, वर नळाचं पाणी ओतलं, शेजारी थर्मामीटर ठेवला. मग पाणी बदलून कोमट घातलं. मग गुंड्या पुसून खिडकीतल्या उन्हात ठेवल्या. अर्धा तास त्याचं हे चाललं होतं आणि बायको बाजूला बसून आपल्या नशिबाला नावं ठेवत होती. शेवटी छापलेल्या नोंदी वाचून त्याने भिंग डोळ्यावरून काढलं.

"यंत्राला बोल लावू नकोस. एकही बिघडलेली नाही."

"मग उड्या कसल्या?"

"उन्हाच्या. दर आठ दिवसांनी चार-पाच तास ही गुंडी पाण्याबाहेर होती. तारीख आहे, वेळ आहे. तुझ्या बायकांनी तुला सांगितलं नाही, पण हिला सगळं सांगितलंय. आठ महिने बिनचूक हजेरी लिहिलीय तिने."

काटेबाई कागदावर वाकल्या. एकेका गुंडीच्या रेषेवर बोट ठेवत गेल्या. पहिली, उड्या. दुसरी, उड्या. सोळाव्यापर्यंत उड्या. सतराव्या रेषेवर बोट थांबलं. ती सपाट होती. अठरावी सपाट, एकोणिसावी, विसावी सपाट. शेवटच्या चार टोपल्या जिथे होत्या तिथे ओहोटीलाही डोक्यावर पाणी असतं. नाव फक्त घासायच्या दिवशी मिळायची. सावडीच्या दिवशी बायका चालत जायच्या आणि चालत तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्या चार टोपल्यांना खरोखरच कोणाचा हात लागला नव्हता. प्रयोग मोडला नव्हता. एकाऐवजी दोन प्रयोग झाले होते, आणि दुसरा त्यांना फुकटात करून मिळाला होता.

त्या उठल्या तेव्हा खुर्ची मागे पडली, असं नवरा अजून सांगतो. त्यांच्या मते खुर्ची आधीपासूनच लंगडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाडीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल मी उगाच तोंड टाकलं. चूक माझी होती." बायकांना माफीची सवय नव्हती, त्या अवघडून चिखलाकडे बघत राहिल्या. मग काटेबाईंनी घड्याळ काढलं. "आता टांगून दाखवा. मला मिनिटं हवीत." पुढचे पंधरा दिवस त्यांनी फक्त तेवढंच मोजलं, सगळ्या रांगांत, वर टांगणं आणि खाली उतरवणं धरून. एका टोपलीला दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती.

समितीची बैठक एका लांबट खोलीत होती. टेबल इतकं मोठं की ते आधी आणून भिंती नंतर बांधल्या असाव्यात. एका बाजूला तिघं होते. मध्ये अध्यक्ष, डावीकडे आकडेमोड तपासणारे अधिकारी आणि उजवीकडे एक म्हातारे शास्त्रज्ञ. त्यांना सगळं खातं पाठीमागे शंकासुर म्हणायचं, कारण समोर ठेवलेल्या चहाबद्दलही त्यांना आधी शंका यायची. समोर काटेबाई, थोरली आणि धाकटी. बाकीच्या दहाजणी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, दार मुद्दाम उघडं ठेवून.

काटेबाईंनी काही झाकलं नाही. रांग बाटली इथपासूनच सुरुवात केली. मग आकडे मांडले. घासलेली, शंभरात एक्क्याऐंशी जगली. ऊन दाखवलेली, चौऱ्याऐंशी. अजिबात न शिवलेली, एकतीस. मेहनत एका टोपलीला चौदा मिनिटांवरून दोनवर.

शंकासुरांनी पेन्सिल वर केली. "तुमची ऊन दाखवलेली सगळी कालवं एकाच रांगेतली. त्या रांगेला पाण्याचा प्रवाह चांगला मिळत असेल. उन्हाचा काय संबंध?"

"न शिवलेल्या चार टोपल्याही त्याच रांगेतल्या आहेत, सर. प्रवाह तोच. त्या मेल्या."

"त्या खोल पाण्यात होत्या. खोलीमुळे मेल्या असतील."

बाहेरच्या बाकावर कोणीतरी दबक्या आवाजात "आलं का आता" म्हणालं. काटेबाईंना मात्र आतून आनंदाची उकळी फुटली होती. हा प्रश्न त्यांनी स्वतःला आठ दिवसांपूर्वी विचारला होता आणि त्यापायी एक जेवण सोडलं होतं.

"बाकीच्या अकरा रांगांच्या शेवटच्या चार टोपल्याही तितक्याच खोल होत्या, सर. त्या नावेतून जाऊन घासल्या जायच्या. त्यांतली शंभरात एकोणऐंशी जगली. खोली मारत नाही. दुर्लक्ष मारतं." त्यांनी तो तक्ता पुढे सरकवला. "कोणती टोपली कधी बाहेर होती, त्याची तासातासाची नोंद मागे जोडली आहे. आठ महिन्यांची."

शंकासुरांनी तक्ता वाचला. मग उलटून पुन्हा वाचला. मग पेन्सिल खाली ठेवली, जी त्यांनी गेल्या कित्येक बैठकांत ठेवली नव्हती. तोवर डावीकडच्या अधिकाऱ्यांनी दोन मिनिटं धरून सगळं नव्याने मांडून बघितलं होतं. त्यांनी कागद अध्यक्षांकडे सरकवला.

"उभा राहतो," ते म्हणाले. "बाराजणींची मजुरी धरूनही उभा राहतो. सगळ्या टोपल्या वाढवल्या तर चांगलाच उभा राहतो."

काटेबाईंनी टेबलाखाली स्वतःचाच हात घट्ट धरला. सहा शब्दांचं ते वाक्य आता कधीच लिहावं लागणार नव्हतं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं. "तुमची रांग मरायला सोडली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही कबूल होतात?"

"एकीची मेल्याशिवाय सगळ्यांचं कळणार नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. मी हो म्हटलं." धाकटीने थोरलीकडे बघितलं. तीन वर्षांत ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. "यांनी नाही म्हटलं."

काटेबाईंच्या डोळ्यांसमोर त्या चिठ्ठीच्या दिवशीची धाकटीची डोलणारी मान आली.

शंकासुर खाकरले. "माझी परवानगीला हरकत नाही. पण एक वर्ष हे नीट करून बघायला हवं. टांगलेल्या टोपल्या आणि न शिवलेल्या टोपल्या. म्हणजे पुन्हा एक रांग तशीच सोडावी लागेल. कोणाची?"

धाकटीचा हात वर गेला. थोरलीने तो धरून खाली आणला.

"एकीचीच रांग कशाला? बाराजणींची एकेक टोपली घ्या," थोरली म्हणाली. "कुठली ती जिच्या तिच्या रांगेत चिठ्ठी टाकून ठरवा. मग कोणाच्या रांगेत पाणी जास्त, कोणाच्या कमी, हा वादच राहत नाही."

शंकासुर तिच्याकडे बघत राहिले. मग काटेबाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते तिथे कसं बसवायचं हे त्यांना नीटसं जमत नव्हतं. "मांडणी अशीच करायला हवी होती, बाई. सुरुवातीपासून."

"हो सर," काटेबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यात आलं नाही. यांच्या आलं."

"पण त्या बारा टोपल्यांना मग हात लावायचा नाही," अध्यक्षांनी थोरलीला बजावलं. "उन्हाचाही नाही, कसलाच नाही. मरू द्यायच्या. जमेल?"

"जमेल की," थोरली म्हणाली. "प्रत्येकीची एक मेली तर आम्ही सोसू. एकीच्या वीस मेलेल्या आम्हाला बघवत नव्हत्या."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं, दहा वर्षांचा कागद पुढे ओढला आणि सही केली.